तापीकाठच्या नावा (भाग ६) : बॅटरी कोणत्या कामाची?

भुसावळला काय किंवा धुळ्याला काय, बॅटरीच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कोणती?" ट्रॅक्टर म्हणा, पिकअप म्हणा, घरचा इन्व्हर्टर म्हणा, बॅटरी लगेच काउंटरवर येते. "नाव" म्हटलं की दुकानदार जरा अडखळतो आणि बहुधा ट्रॅक्टरचीच पुढे करतो. बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट, असा हिशेब. हा हिशेब अर्धाच आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याचे पैसे नाववाला दर वर्ष-दीड वर्षाला नवी बॅटरी घेऊन भरतो.

मागच्या भागात इंजिनं पाहिली. आपल्याकडच्या बऱ्याच लहान नावांची आउटबोर्ड मोटर दोरी ओढून सुरू होते, तिला बॅटरी लागतच नाही. तरीही नावेत बॅटरी असते, कारण हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांमागे, तापी-पूर्णेच्या चांगदेव संगमापर्यंत पसरलेल्या पाण्यावर मासेमारीचं बरंचसं काम अंधारात चालतं. दिवा लागतो, मोबाइल चार्ज करावा लागतो, नावेत झिरपलेलं पाणी उपसायला छोटा पंप लागतो. सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यात जाणाऱ्यांचीही गरज हीच.

ट्रॅक्टरची बॅटरी बनवलेली असते सेल्फ मारण्यासाठी. तिच्या आत पातळ प्लेटी दाटीनं बसवलेल्या असतात. दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे आणि मोकळं व्हायचं. खर्च झालेला थोडासा साठा इंजिन लगेच भरून काढतं. अशी बॅटरी जवळजवळ कायम भरलेलीच राहते, आणि तशी राहिली तरच टिकते. तिच्यावर रात्रभर दिवा चालवून सकाळी पूर्ण उतरवली, आणि असं काही डझन वेळा केलं, की पातळ प्लेटींवरचा लेप सुटून तळाशी गाळ साचतो. मग "सेल डेड झाला" म्हणून आपण कंपनीला बोल लावतो. गोटा उचलणाऱ्या पहिलवानाला दिवसभर नांगराला जुंपावं, तसं ते आहे. दोष त्या बॅटरीचा नाही.

नावेच्या दिव्याला लागते ती डीप सायकल बॅटरी, म्हणजे जाड प्लेटींची, सावकाश उतरणारी आणि पुन्हा भरून घेणारी. भारनियमनानं खानदेशातल्या घराघरांत ट्यूबलर बॅटरी आणली, ती याच जातीची. पण ती जशीच्या तशी नावेत ठेवू नये. १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास) ट्यूबलरचं वजन पन्नास किलोच्या वर भरतं आणि तिच्या आत पातळ अ‍ॅसिड असतं. नाव कलली, लाट बसली, की झाकणातून अ‍ॅसिड बाहेर. लाकूड, जाळं, हात, सगळं पोळतं. म्हणून नावेसाठी एजीएम किंवा जेल प्रकारची सीलबंद बॅटरी मागावी. एजीएममध्ये अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. बॅटरी आडवी झाली तरी ते वाहत नाही.

आता किती एएचची घ्यायची? इथे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावंच. समजा १२ वॅटचा एलईडी दिवा दहा तास चालला: १२० वॅट-तास. दोन मोबाइल मिळून ३०. पंप ३६ वॅटचा, रात्रीतून सगळा मिळून अर्धा तास: १८. बेरीज १६८ वॅट-तास. बाराने भागलं की १४ एएच. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून दुप्पट, २८. वर थोडी सोय धरून ३५ ते ४० एएच पुरेशी झाली. शंभर-दीडशेची घेऊन वजन आणि पैसे वाढवण्याचं कारण नाही. आपल्याकडे मोठी बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी अशी समजूत घट्ट आहे. ती सोडावी, असं मी आग्रहानं सांगेन. लहान नावेत जास्तीचं वजन माशांच्या वाट्याचं असतं.

विजेच्या मोटरवर नाव चालवायची असेल तर सगळं गणित बदलतं. हिवाळ्यात हतनूरला स्थलांतरित पक्षी येतात. ते पाहायला जाणाऱ्याला बिनआवाजाची नाव हवी असते, आणि ती इच्छा अगदी रास्त आहे. १२ व्होल्टची लहान मोटर पूर्ण वेगात ३० अँपिअरच्या आसपास ओढते. तीन तासांचे झाले ९० एएच. पण बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांत सावकाश उतरवल्यावर मिळणारा असतो. घाईनं ओढलं की शिशाची बॅटरी त्याहून बरंच कमी देते. म्हणजे १०० एएचच्या दोन बॅटऱ्या घेऊनही हात आखडूनच चालवावं लागणार, आणि वजन साठ किलोच्या घरात. हेच काम लिथियम फॉस्फेटची एक १२० एएचची बॅटरी बारा-पंधरा किलोंत करते. तिचा ऐंशी टक्के साठा बिनधास्त वापरता येतो आणि दोन हजारांवर वेळा ती भरता-उतरवता येते. किंमत अंगावर येते खरी, पण रोज फेऱ्या मारणाऱ्याला ती परवडते. केरळात वैकम ते तवणक्कडवु मार्गावर जानेवारी २०१७ पासून धावणारी ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौर नाव लिथियम बॅटऱ्यांवरच चालते.

लिथियमची एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. शिशाची बॅटरी उतरताना दिवा हळूहळू मंद होतो, म्हणजे ती आधी सांगते. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, आणि मग आतलं रक्षक सर्किट एकदम पुरवठा तोडतं. धरणाच्या मधोमध असं झालं तर वल्हंच कामाला येतं. म्हणून नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नये. किती अँपिअर-तास खर्च झाले हे मोजणारा मीटर लावावा, आणि वल्हं तर असावंच.

खानदेशाला सगळ्यात जास्त सांभाळायचं आहे ते ऊन. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे पुस्तकात पाच वर्षं लिहिलेली बॅटरी इथे तीन वर्षं चालली तर तिनं इमान राखलं म्हणावं. बॅटरी सावलीत ठेवा, पत्र्याला टेकवू नका, हवा खेळती ठेवा. चार्जिंगच्या वेळी शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तेव्हा पेटती बिडी आणि पेट्रोलची टाकी तिच्यापासून लांबच बरी.

दुकानातून उचलण्याआधी दोन गोष्टी करा. वरची तारीख बघा. बनून सहा महिने झाले आणि मधे चार्ज केली नसेल, तर प्लेटींवर सल्फेट धरायला लागलेलं असतं. मग मीटर लावून बघा. शिशाची स्वस्थ बॅटरी १२.६ च्या वर दाखवायला हवी. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली आहे, तशी घेऊ नका. बसवताना पट्ट्यानं घट्ट बांधा, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घाला. हा फ्यूज टाळलेला मी फार ठिकाणी पाहतो. वायर घासून शॉर्ट झाली की बिनफ्यूजची बॅटरी ती वायर लालबुंद करते, आणि पाण्यावर पळायला जागा नसते.

जुनी बॅटरी काठावर फोडून अ‍ॅसिड ओतू नका. भुसावळ शहर तापीचंच पाणी पितं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिवाय जुन्या शिशाला भाव आहे, दुकानदार तेवढे पैसे नव्या बॅटरीतून वजा करतो.

पुढच्या भागात: नावेच्या छपरावर सौर पॅनेल किती वॅटचं, आणि घरच्या इन्व्हर्टरचा चार्जर लिथियमला का चालत नाही.