पुढच्या महिन्याचा विषय काय?

आमच्या गावात पाणवनस्पतींच्या हौशी लोकांचा एक क्लब आहे आणि त्यात विषय ठरवण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. क्लब म्हणजे पंधरा-वीस माणसे. एक प्लंबर, एक दातांचे डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे एक शिक्षक, आणि माझ्यासारखे दोघे-तिघे संगणकवाले. महिन्यातून एकदा आम्ही वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत जमतो. टाकीत मासे असतात, पण ते पाहुण्यासारखे. घर असते ते पाण्याखाली वाढणाऱ्या झाडांचे. मागच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा वाचनकट्टा चालवणाऱ्या ताईंनी मला विचारले, "आमच्याकडे पुस्तकांवर बोलायला चार माणसे येत नाहीत, तुमच्याकडे शेवाळावर बोलायला वीस कशी येतात हो?" उत्तर मोदक खाता खाता देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

पहिल्या वर्षी मी विषय ठरवले ते पीएचडी झालेला माणूस ठरवतो तसे. जानेवारीत प्रकाश, फेब्रुवारीत कार्बन डायऑक्साइड, मार्चमध्ये माती, अशी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका तयार झाली. मे महिन्यात "पोषणद्रव्ये" या विषयाला पाचजण आले. त्यात एक मी आणि एक ज्यांच्याकडे खोलीची किल्ली होती ते. खोली परत करावी का, यावर त्या रात्री गंभीरपणे बोलणे झाले.

जूनमध्ये एक गृहस्थ उशिरा आले आणि कोट न काढताच म्हणाले, "माझे सगळे मासे मेले." वीस वर्षे ते नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून सकाळी टाकीत घालत आले होते. क्लोरीन उडून जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेले आहे आणि ते खरेही आहे. पण त्यांच्या भागात पाणीपुरवठ्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली होती. तशी सूचना बिलाच्या पाकिटात आली होती. ती न वाचता फेकली गेली. (बिलाबरोबरचे कागद आपण तरी कुठे वाचतो?) क्लोरामाइन म्हणजे अमोनियाशी जोडलेला क्लोरीन. तो रात्रभरात उडत नाही. साधे सोडियम थायोसल्फेट घातले तर क्लोरीन निकामी होतो, पण अमोनिया मागे राहतो आणि पाण्याचा पीएच जास्त असेल तर तो माशांना अधिकच घातक ठरतो. अमेरिकेत पाचातल्या एकाहून अधिक माणसांच्या नळाला असे पाणी येते. त्या संध्याकाळी ठरलेला विषय कोणालाच आठवला नाही. वाचनालयाच्या रखवालदाराने दिवे घालवले तेव्हा आम्ही उठलो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की "प्रकाश" हा विषयच नव्हे. ते एक खाते आहे, ज्यात शंभर विषय असतात. आता मी प्रत्येक विषयाला दोन गोष्टी विचारतो. हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या टाकीत आज आहे का? आणि घरी जाऊन महिन्याभरात तो तपासता येईल का? "नायट्रेट" या विषयाला कोणी येत नाही. "आपले नायट्रेटचे किट खोटे बोलते का?" याला सगळे येतात, आणि हातात आपापल्या नळाच्या पाण्याची बाटली घेऊन येतात. शिक्षकांनी तराजू आणला, १.६३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले, त्याचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात मिसळला. लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी तयार. ते सगळ्यांच्या किटांनी मोजले. उत्तरे पाचपासून चाळीसपर्यंत आली! काहीजण अनेक वर्षे चुकीच्या आकड्यावरून खत घालत होते.

ज्यावर जाणत्या लोकांचेच एकमत नाही, तो विषयही चांगला चालतो. पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी १९९६ साली मांडले की बाकीची खते द्या पण फॉस्फेट आखडते ठेवा, म्हणजे शेवाळ उपाशी राहील. पुढे टॉम बार यांनी फॉस्फेटसकट सगळेच सढळ हाताने घालायला आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायला सांगितले. डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ च्या पुस्तकात तळाशी साधी माती आणि पाणी बदलण्याची फारशी घाई नाही. तिघांच्याही पद्धतीने टाक्या हिरव्यागार राहतात. मग बरोबर कोण, असे विचारले की भांडण होते. तुमच्या घरी यातले काय जमेल, असे विचारले की दुपारी अडीचला मुलांना शाळेतून आणणारे आणि महिन्यातून पंधरा दिवस फिरतीवर असणारे वेगवेगळी उत्तरे देतात. ताकाशी आमानो यांच्या टाक्यांच्या चित्रांना मात्र मी डिसेंबरच्या पॉटलकमध्येच जागा देतो. त्या सौंदर्यापुढे सगळे गप्प बसतात, आणि चर्चेला ते सोयीचे नाही.

एक विषय मी बरीच वर्षे टाळला, कारण त्यात माझाच पाय अडकला होता. एकदा मी साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या वायतुऱ्याचे फोटो दाखवले. उन्हाळाभर कंदाच्या रूपात जमिनीत दडलेली, पावसात डबक्यांतून वर येणारी ही वनस्पती. तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला. उत्तर सह्याद्रीबाहेर ती सापडत नाही, आणि शास्त्रात तिची नोंद झाली १९८२ साली. दातांच्या डॉक्टरांनी विचारले, "पुढच्या खेपेला एक कंद आणशील?" अभिमानाच्या भरात मी हो म्हणालो.

पुढच्याच बैठकीत अदलाबदलीच्या पिशवीत कोणीतरी तळ्यातून काढलेली एक फांदी निघाली. प्रत्येक पेरावर पाच पाने, कडा बोटाला खरखरीत. इथल्या एलोडियाला एका पेरावर बहुधा तीन पाने असतात. ही हायड्रिला होती! आपल्याकडच्या तळ्यांत ती सर्रास दिसते. इथे १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती फ्लॉरिडात पोचली आणि आज केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. लहानसा तुकडाही नवे झाड होतो; चिखलातले कंद वर्षानुवर्षे जिवंत राहतात. ती इथे आली ती आमच्यासारख्याच हौशी लोकांच्या बादल्यांतून.

जुलैत मी कासला गेलो. वायतुरा पायाशी होता आणि कंद मुठीत मावला असता. रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय तो या देशात आणता येत नाही, हे तर झालेच. पण त्या डबक्यात एकूण किती झाडे आहेत ते मी मोजायला लागलो, आणि अकरावर थांबावे लागले. ऑगस्टमध्ये डॉक्टरांना हे सांगणे मला अवघड गेले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे सप्टेंबरचा विषय ठरला. आपण कापलेल्या फांद्या कुठे टाकतो?"

त्या बैठकीत कळले की निम्मे लोक घरामागच्या ओढ्यात टाकत होते. आता सगळे पिशवीत घालून आधी गोठवतात, मग कचऱ्यात टाकतात. आमच्या फ्रीझरमधली अशी एक पिशवी गेल्या महिन्यात मेथी समजून बाहेर निघाली. पिठात पडण्याआधी मी पोचलो.