चमचाभर चीक

गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीक मिळवण्यासाठी आपण कुठून कुठून ओळखी काढतो. त्यात थोडं साधं दूध, गूळ आणि वेलची घालून वाफवलं की विरजण नाही, पीठ नाही, तरी सुरीने वड्या पडतील असा खरवस तयार. ही करामत प्रथिनांची. पहिल्या चिकात ती नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात, आणि त्यातली बरीचशी प्रतिद्रव्यं असतात, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं. उष्णता लागली की ती एकमेकांत गुंततात आणि घट्ट बसतात. थोडक्यात, आपण चवीने खातो ती वासराची रोगप्रतिकारशक्ती. वासराला पुरून उरलेलीच आपल्या वाट्याला आली असेल, अशी आशा करायची.

गंमत अशी की खरवसासाठी जीव टाकणाऱ्या घरांतच बाळंतिणीचा चीक मात्र ‘पिवळा आहे, जड आहे, बाळाला पचायचा नाही’ म्हणून पिळून टाकायची रीत होती. बाळाला त्याऐवजी मध चाटवायचा, नाहीतर गुळाचं पाणी. काही घरांत अजून हे चालतं. मधाबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटावर लावूनसुद्धा नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि कोवळ्या आतड्यात ते रुजले तर बाळाचे स्नायू लुळे पडण्याची वेळ येते.

वासरू आणि बाळ यांच्यात एक मोठा फरक आहे. गाईच्या वारेतून प्रतिद्रव्यं वासराकडे जातच नाहीत. ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळपास शून्य असतं, आणि पहिल्या दिवसभरापुरतंच त्याचं आतडं चिकातली प्रतिद्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं. मग ते दार बंद होतं. माणसाच्या बाळाला रक्तातली शिदोरी आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळालेली असते. त्याच्या वाट्याला चिकातून येतात ती मुख्यतः वेगळ्या जातीची प्रतिद्रव्यं. ती रक्तात शिरत नाहीत, पचतही नाहीत. घशापासून आतड्यापर्यंतच्या ओल्या अस्तरावर राहून ती जंतूंना चिकटू देत नाहीत. आणि ही प्रतिद्रव्यं सरसकट नसतात, त्या घरापुरती बेतलेली असतात. आईच्या आतड्यात जो जंतू येतो त्याची ओळख पटलेल्या पेशी तिथून निघून स्तनात मुक्काम करतात आणि नेमकं त्याच जंतूविरुद्धचं प्रतिद्रव्य दुधात सोडू लागतात. ज्या घरातली हवा आणि पाणी बाळाच्या वाट्याला येणार, त्याच घरातल्या जंतूंची तयारी त्याला आईकडून मिळते.

आता प्रमाण बघा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला मिळतो २ ते १० मिलिलिटर चीक. चमचा, दोन चमचे. बाळंतिणीच्या खोलीत नेमकी इथेच घालमेल सुरू होते. “एवढ्याशाने काय होणार? रडतंय बघ ते, उपाशी आहे.” आणि पावडरचा डबा उघडला जातो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: पहिल्या दोन-तीन दिवसांतली ही टंचाई दिसते तशी नाही, बाळाचं शरीर तिच्या हिशेबानेच घडलेलं आहे. ते अंगात जादा पाणी आणि साठवलेली चरबी घेऊन आलेलं असतं. सुरुवातीला त्याचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंतसुद्धा, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून निघतं. मोठा घोट एकदम आला तर गिळणं आणि श्वास यांचा मेळ त्याला जमायचा नाही. थेंबाथेंबाने येणाऱ्या चिकावर ते चोखणं, गिळणं, श्वास घेणं ही तिहेरी कसरत शिकतं.

मग दूध ‘उतरतं’ ते कसं? इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो. स्तन गरोदरपणाच्या मध्यापासूनच दूध करायला सज्ज असतात, पण वार एक संप्रेरक सोडत राहते, प्रोजेस्टेरॉन, आणि ते या कामाला आडकाठी घालतं. बाळ जन्मतं, पाठोपाठ वार पडते, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि आडकाठी निघते. तिथून दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. म्हणजे दूध सुरू होण्याची खूण बाळाच्या रडण्यात नाही, सुईणीच्या हातात नाही, वार पडण्यात आहे. वारेचा एखादा तुकडा गर्भाशयात राहून गेला तर दूध उतरायला उशीर होतो, आणि कधीकधी डॉक्टरांना त्या तुकड्याचा सुगावा त्यावरूनच लागतो. सिझेरियननंतरही थोडा उशीर होऊ शकतो. ‘पोट फाडलंय, हिला आता दूध कुठून’ हे मात्र खोटं. वार तर तिचीही निघालेलीच असते.

दूध तयार होणं एक आणि बाहेर येणं दुसरं. स्तनात दूध करणाऱ्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी. बाळ चोखू लागलं की मेंदूकडे निरोप जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, जाळी आवळते आणि पान्हा फुटतो. हेच ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं, म्हणून पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जरा जास्तच. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू. व्हिन्सेंट दू विन्यो यांनी तो १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळ दुसऱ्या खोलीत रडलं तरी आईची ओढणी भिजते, त्यामागे हाच रेणू.

तो लाजाळूही आहे. १९४८ मध्ये मायकेल आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकन दांपत्याने एका आईवर प्रयोग केला. काही दिवस तिने शांतपणे पाजलं, तेव्हा बाळाने सरासरी १६८ ग्रॅम दूध घेतलं. मग पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी पायाची बोटं ओढली, कधी भराभर गणितं घातली. दूध ९९ ग्रॅमवर आलं. पुढे हाच छळ चालू ठेवून तिला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर आकडा परत १५३. म्हणजे दूध आत होतंच, सुटत नव्हतं इतकंच. बाळंतिणीच्या खाटेभोवती जमून “येतंय का गं? पुरतंय का? आमच्या वेळी तर पाझरायचं” असं विचारणाऱ्या सगळ्या मावश्या, आत्या आणि नणंदांना हा प्रयोग वाचून दाखवावा. ते प्रश्न म्हणजे बर्फाचं पाणीच आहे.

पाजायला कधी घ्यायचं? जन्मल्यावर तासाभरात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ त्यासाठी काय करतं ते तर बघत राहावं असं. पुसून कोरडं केलेलं नवजात बाळ आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं आणि घाई केली नाही, तर ते पायाने रेटत, थांबत, तोंड चाटत स्वतःच स्तनापर्यंत पोचतं. स्वीडनच्या संशोधकांनी हे १९८७ मध्ये नोंदवलं. १९९४ मध्ये एक स्तन धुऊन आणि दुसरा तसाच ठेवून पाहिलं, तर तीसपैकी बावीस बाळं न धुतलेल्या स्तनाकडे गेली. वास त्यांना खेचून नेतो. म्हणून दर वेळी साबणाने छाती घासायची गरज नाही. रोजची आंघोळ पुरते.

आपल्याकडे मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि पहिल्या तासात पाजलेली बाळं ४१.८ टक्के. डॉक्टर आणि नर्स हजर असताना हा तास कुठे जातो? वजन, टाके, फोटो, नातेवाइकांना दाखवणं. माझ्या मते यातलं जवळपास सगळं थांबू शकतं.

तोंडात घेण्याबद्दल. बाळाने नुसतं बोंड चोखायचं नसतं, भोवतालच्या काळ्या भागाचा मोठा घास घ्यायचा असतो. तोंड जांभईएवढं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतोय, म्हणजे जमलं. बाळ छातीकडे आणायचं, छाती वाकवून बाळाकडे न्यायची नाही. नाहीतर आठवडाभरात पाठ धरते. पाजताना दुखतच राहिलं, चिरा पडल्या, तर सोसत बसू नये. बहुतेक वेळा दोष पकडीत असतो आणि शिकवणारं कुणी मिळालं की तो दुरुस्त होतो. छाती दाटून गाठ आली तरी त्या बाजूने पाजत राहायचं. ताप आला, कातडी लाल-गरम झाली तर डॉक्टर.

‘दूध पातळ आहे’ ही आणखी एक ठरलेली तक्रार. ते पातळच असतं. सुमारे ८८ टक्के पाणी, १ टक्का प्रथिन. गाईच्या दुधात प्रथिन त्याच्या तिप्पट. सशाची मादी पिलांना दिवसातून एकदाच, तीही काही मिनिटं पाजते, म्हणून तिचं दूध दाट. माणसाची आई बाळाला कवेत घेऊन हिंडते, बाळ सावकाश वाढतं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पातळपणा त्या सोबतीशी जुळलेला आहे. एवढं पाणी त्यात असल्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. गुटीही नको. बालरोगतज्ज्ञ देतात ते ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवायचे. सहा महिन्यांनंतर वरण-भात, खिमट सुरू करायचं आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही.

किती दूध बनवायचं हे स्तन कसं ठरवतो? रिकामा होण्यावरून. साचलेलं दूध पुढच्या निर्मितीला आवर घालतं, उपसलेलं चालना देतं. म्हणून वरच्या दुधाची एक बाटली निरुपद्रवी नसते: बाळ तेवढं कमी चोखतं, स्तन तेवढं कमी करतो, आणि आठवड्याने ‘बघ, दूध कमीच आहे’ हे भाकीत खरं ठरतं. दूध करवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, तेव्हा रात्रीचं पाजणं टाळू नये. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू जरूर खावेत. तिला रोज पाचेकशे उष्मांक जास्त लागतात. लसणीलाही घाबरायचं कारण नाही. फिलाडेल्फियात १९९१ मध्ये लसणीच्या गोळ्या खाल्लेल्या आयांच्या दुधाला दोन तासांत तो वास आला आणि बाळं जास्त वेळ चिकटून राहिली.

पुरतंय की नाही हे छाती दाबून कळत नाही, दुपट्यावरून कळतं. पहिली काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी व्हायला हवी आणि पुढे दिवसाला सहा तरी लंगोट शूने ओले व्हायला हवेत. बाळ सुस्त आहे, उठवूनही पीत नाही, शू कमी आहे, तर वाट न बघता दवाखाना. तिथे वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्यावं. त्यात आईचा काही गुन्हा नसतो.

दुधातली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अजून राहिलीच. लॅक्टोज आणि चरबी यांच्या खालोखाल आईच्या दुधात सर्वांत जास्त असतात एका वेगळ्याच गटाच्या साखरी, दोनशेहून अधिक प्रकारच्या. आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत! मग आई त्या करते कुणासाठी? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी. त्या खाऊन हे जिवाणू आतडं व्यापतात आणि घातक जंतूंना जागा उरत नाही. शिवाय काही साखरींचा आकार आतड्याच्या अस्तरासारखा असतो. जंतू त्यांनाच चिकटून बसतात आणि शीवाटे बाहेर पडतात. गाईच्या दुधात या साखरी अगदी नाममात्र असतात.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला याची गरज सर्वांत जास्त, कारण त्याचं आतडं सुजून सडू शकतं. अशा बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनंही अधिक असतात. पण ती आईच आजारी असेल तर? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली ती याचसाठी. स्वतःच्या बाळाचं भागून उरेल तेवढंच दूध दान करायचं, दात्या आईच्या रक्ताच्या तपासण्या व्हायच्या, मग दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून गोठवायचं. तापवताना जिवंत पेशी मरतात, प्रतिद्रव्यांचाही काही भाग जातो. त्या दोनशे साखरींना मात्र उष्णतेने काही होत नाही. कुणा अनोळखी बाईच्या दुधातून त्या सव्वा किलोच्या बाळापर्यंत शाबूत पोचतात.