पोरीला पत्रकारिता शिकवायची म्हणजे नेमकं काय?

निकाल लागले की आमच्या गटांच्या बैठकांत बचतीचा हिशेब लवकर उरकतो आणि पोरींचा विषय निघतो. नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती ही नावं आता प्रत्येकीला पाठ आहेत. पण हल्ली एखादी पोरगी म्हणते, मला पत्रकारिता शिकायची आहे. मग तिची आई आमच्याकडे वळते आणि विचारते, "मॅडम, हे शिकून पोरगी करणार काय?" हाच प्रश्न अहेरी, आलापल्ली, मुलचेरा, जिकडे जावं तिकडे येतो. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी नावाचा घोळ सोडवू. कुठे या शिक्षणाला वृत्तपत्रविद्या म्हणतात, कुठे पत्रकारिता, कुठे जनसंवाद, कुठे जनसंज्ञापन. विषय एकच कुळीचा. पत्रकारिता म्हणजे बातमीचं काम. जनसंवाद त्याहून मोठा. एकाच वेळी हजारो माणसांपर्यंत गोष्ट पोहोचवायची जेवढी साधनं आहेत, म्हणजे वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, सिनेमा, जाहिरात, मोबाईल, त्या सगळ्यांचा अभ्यास त्यात येतो. कोणत्याही शाखेची पदवी झाली की एम.ए.ला जाता येतं. म्हणजे अहेरीतच बी.ए. करून पुढे हा विषय घेता येतो, बारावीलाच घर सोडायची गरज नाही.

शिकायचं कुठे? आपल्यासाठी सगळ्यांत जवळ गडचिरोली. गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झालं आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोनच जिल्हे त्याच्याकडे आले. त्याआधी इथली सगळी महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. साध्या गुणपत्रिकेच्या कामाला पोरं नागपूरची एसटी धरायची. गोंडवाना विद्यापीठात जनसंवादाचा पदव्युत्तर विभाग आहे. नागपूरला तर हा विषय फार जुना. तिथल्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा रोलंड वूल्सली नावाचे अमेरिकन प्राध्यापक शिकवायला आले होते. आज नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात जनसंचार विभाग आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं, जी १९६५ साली स्थापन झाली, एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकता येते. जिला घर सोडताच येत नाही, लेकरं लहान आहेत, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

आता वर्गात शिकवतात काय, ते जरा निवांत सांगतो, कारण पुष्कळ जणींना वाटतं की यात माईक धरून बोलायला शिकवतात, बस्स.

पहिला धडा सहा 'क'चा. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. या सहांची उत्तरं नसतील तर ती बातमी नव्हे. आपल्या गटाचं ठराव पुस्तक आठवा. आपण कसं लिहितो? अमुक तारखेला, अमुक ताईच्या घरी, अध्यक्षांच्या परवानगीने बैठक सुरू झाली, मागील इतिवृत्त वाचलं, बचत गोळा झाली, आणि शेवटी कुठेतरी, बँकेने कर्ज नाकारलं. बातमीत हे उलटं असतं. बँकेने कर्ज नाकारलं हे पहिल्या ओळीत, का नाकारलं हे दुसऱ्या ओळीत, कोणाच्या घरी बैठक झाली हे शेवटी, जागा उरली तर. कारण वाचणारा अर्ध्यात पेपर खाली ठेवू शकतो आणि संपादक खालून कात्री लावतो. ठराव पुस्तकाची रीत चुकीची आहे असं नाही, बरं का. ते पुरावा म्हणून असतं, बातमी दुसऱ्याला कळावी म्हणून असते.

दुसरा धडा पडताळणीचा, आणि आमच्या मते पूर्ण शिक्षणात सगळ्यांत किमतीचा हाच. समजा, मे महिन्यात गावात बोलवा झाली की यंदा तेंदूपानांच्या पुड्याला कमी भाव मिळाला. ऐकलेलं लिहून टाकणं सोपं. शिकलेली पोरगी आधी फळीवर जाते, पानं तोडणाऱ्या बायांना भेटते, ग्रामसभेचा ठराव पाहते, ठेकेदाराचं म्हणणं घेते, मागच्या वर्षीचा दर शोधते. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकते. २००५ चा हा कायदा आहे. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. हा अर्ज करायला पत्रकार असावं लागत नाही, तुम्ही-आम्हीही करू शकतो. पण नेमका प्रश्न कसा विचारायचा, म्हणजे उत्तरात टाळाटाळ करता येणार नाही, ती कला शिकावी लागते.

तिसरा भाग कायद्याचा. अत्याचार झालेल्या बाईचं किंवा लेकराचं नाव, फोटो, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. लेकरांसाठी पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम आहे, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत ७२ वं. आपल्या भागात मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये अशा पोरींचे फोटो सर्रास फिरतात. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण न्याय मागतोय. प्रत्यक्षात त्या घराचं गावात राहणं मुश्कील होतं, आणि पाठवणारा गुन्ह्यात सापडतो. हे एवढं जरी गावात एकीला नीट ठाऊक असलं तरी पुष्कळ होईल.

रेडिओचं लिहिणं पुन्हा वेगळं. ऐकणारी बाई भाकरी थापत असते, मागचं पान उलटून बघू शकत नाही. म्हणून वाक्य लहान, आकडा गोल. "एक लाख सत्त्याण्णव हजार चारशे" ऐवजी "जवळपास दोन लाख". सामुदायिक रेडिओची दारं संस्थांना २००६ च्या धोरणाने उघडली. तेलंगणात पस्तापूरच्या भागात २००८ पासून दलित बायांनी चालवलेला संगम रेडिओ आहे, आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. मात्र सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, हा नियम आहे. आम्हाला तो पटत नाही. पण शेती, आरोग्य, बाजार, योजना यांवर बोलायला भरपूर जागा आहे.

आणि भाषा! अहेरीच्या बाजारात उभं राहिलं तर तेलुगू, माडिया, गोंडी, मराठी, हिंदी अर्ध्या तासात कानावर पडतात, मुलचेऱ्याकडे बंगाली. शहरातून आलेला बातमीदार इथल्या बाईशी दुभाष्यामार्फत बोलतो, आणि दुभाषी बहुतेक पुरुष असतो. बाई पाच मिनिटं बोलते, तो दोन वाक्यं सांगतो. मधली साडेचार मिनिटं कुठे गेली? म्हणूनच वर्षानुवर्षं आपल्या भागाची बातमी म्हणजे चकमक, नाहीतर पुरात तुटलेला भामरागडचा रस्ता. मोहफुलाचा भाव, अंगणवाडीतलं वजन, बाळंतिणीला खाटेवरून आणणं, यांची बातमी मोठी दुर्घटना झाली तरच होते. माडिया जाणणारी पोरगी जेव्हा वर्गात बसते, तेव्हा तिच्याकडे असं काही असतं जे प्राध्यापक तिला देऊ शकत नाहीत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वरा नावाचा उपक्रम चालला. साध्या फोनवर आपल्या बोलीत तक्रार किंवा बातमी बोलून ठेवायची, दुसऱ्यांनी फोनवरच ऐकायची. लिहिता न येणारी माणसंही त्यात बोलली.

बायांनी हे काम करणं नवीनही नाही. सत्यशोधकांच्या 'दीनबंधू' पत्राची धुरा पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी सांभाळली, तीही शंभर वर्षांपूर्वी. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये गावातल्या बायांनी 'खबर लहरिया' काढलं. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

आता भीतीचं. आया विचारतात, पोरगी अडचणीत नाही ना येणार? खोटं कशाला सांगायचं, धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या बिजापूरला मुकेश चंद्राकर या तरुण पत्रकाराचा खून झाला. रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार बातमीतून बाहेर आला होता, आणि आरोपी म्हणून ठेकेदारालाच अटक झाली. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. कायदा मागाहून येतो, हेही खरं. म्हणून आम्ही पोरींना सांगतो : एकटीने बातमीला जायचं नाही, कुठे चाललो ते घरी सांगून जायचं, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं घेतल्याशिवाय नाव छापायचं नाही. शिवाय या शिक्षणातली प्रत्येक पोरगी बातमीदार होते असंही नाही.

पोटापाण्याचं काय? तालुक्याच्या गावी वार्ताहर म्हणून काम केलं तर पुष्कळदा पगार नसतो, थोडं मानधन असतं आणि वरून जाहिराती आणायला सांगतात. ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध कसं लिहिणार? ही अडचण पोरीला आधीच माहीत असलेली बरी. पण शासनाचं जिल्हा माहिती कार्यालय आहे, आकाशवाणी आहे, रुग्णालयं आणि संस्थांना माहितीपत्रकं, चित्रफिती करणारी माणसं लागतात, अनुवादाचं काम आहे, नेट-सेट करून शिकवता येतं. आमचा सल्ला एवढाच की लाखभर फी घेणाऱ्या शहरी खासगी संस्थेसाठी गटाचं कर्ज उचलू नका. चकचकीत स्टुडिओचा फोटो बघून भुलू नका. आधी सरकारी विद्यापीठ बघा.

खर्चासाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. आदिवासी पोरीला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात येते. चौकशी अहेरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. अनुसूचित जातीसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, त्यांची माहिती समाज कल्याण आणि बहुजन कल्याणच्या कार्यालयात मिळते. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून ते पदवीच्या शेवटच्या वर्षातच करायला टाका. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, पदवीच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि टीसी, एवढं एका पिशवीत घालून ठेवा, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स अहेरीतूनच काढून न्या.