मेंदूच्या परिषदेत रुग्णाची जागा

१९३५ साली लंडन येथे मज्जाशास्त्रज्ञांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. येल विद्यापीठाचे जॉन फुल्टन व कार्लाइल जेकबसेन यांनी तीत दोन चिंपांझींवरील प्रयोगांची हकीकत सांगितली. त्यांतील एक मादी चूक झाली की पूर्वी थयथयाट करी; मेंदूचा पुढचा भाग काढून टाकल्यावर ती अगदी निर्विकार झाली. लिस्बनचे डॉ. इगास मोनिझ या परिषदेला हजर होते. हाच उपाय माणसांवर का करू नये, असे त्यांनी विचारल्याचे फुल्टन पुढे सांगत असत. कल्पना आपल्या मनात आधीपासूनच होती, असे मोनिझ यांचे म्हणणे. ते काहीही असो, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिस्बनमध्ये मनोरुग्णांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पहिल्या मालिकेत २० रुग्ण होते. मोनिझ यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ४०,००० माणसांवर हा प्रयोग झाला. काहींची तगमग शमली. पुष्कळांची इच्छाशक्ती आणि आप्तांविषयीची आस्थाही तिच्याबरोबर गेली.

त्या सभागृहात नीतीचा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, असे आज म्हणणे सोपे आहे. तो प्रश्न विचारण्यासाठी पुढे स्वतंत्र परिषदाच भरू लागल्या. १३ व १४ मे २००२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डाना प्रतिष्ठानच्या पुरस्काराने भरलेली परिषद हा या 'न्यूरोएथिक्स' नामक शाखेचा आरंभ मानला जातो. मज्जाशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, तत्त्वज्ञ, कायद्याचे प्राध्यापक असे दीडशेहून अधिक लोक जमले होते. माणसाचे स्वत्व, समाजाची धोरणे, संशोधनाचे आचारनियम आणि सार्वजनिक चर्चा असे विषय वाटून घेतले होते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु निमंत्रितांच्या या प्रकारांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. १९३५ मध्ये एका विद्येचे पंडित जमले होते, २००२ मध्ये अनेक विद्यांचे. ज्याच्या डोक्यात तार जायची आहे, तो माणूस रुग्ण या नात्याने यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नव्हता.

असा माणूस आपल्याकडे परिषदेऐवजी न्यायालयात दिसला. २००८ साली पुणे येथील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीसाठी अन्य पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. या चाचणीत आरोपीने काहीच बोलायचे नसते. डोक्यावर विद्युदग्रांची टोपी चढवून त्याने केवळ विधाने ऐकायची. घटना त्याने स्वतः अनुभवली की केवळ ऐकली, याचा निवाडा यंत्र करते, असा दावा. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात अशा चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मौन बाळगण्याचा हक्क जिभेपुरता नाही, हे त्यामुळे ठरले. हा विचार यंत्र वापरण्याआधी कोठे तरी व्हायला हवा होता. तो झाला तेव्हा अनेकजण त्या खुर्चीवर बसून उठले होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट परिषदांतून हमखास निसटते. नीतीची चर्चा संमतीच्या कागदापाशी संपते. खर्च मात्र तेथून सुरू होतो. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत विद्युदग्र बसवतात, तेव्हा छातीत त्वचेखाली एक घटही बसवावा लागतो. अनेक प्रकारांत तो काही वर्षांनी बदलावा लागतो. संशोधनाचे अनुदान संपल्यावर तो कोणी बदलायचा? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने 'आर्गस' नावाचे यंत्र ३५० हून अधिक अंधांच्या दृष्टिपटलावर बसवले होते. २०२० मध्ये कंपनी डबघाईला आली. यंत्र डोळ्यात राहिले, दुरुस्ती करणारे गेले. संमतिपत्रावर सही करताना आपण एका कंपनीच्या ताळेबंदावरही सही करीत आहोत, हे त्या माणसांना कोणी समजावले असेल काय? प्रयोगानंतरची तरतूद प्रयोगापूर्वीच करावी, असे हेलसिंकी जाहीरनामा सांगतो खरा, पण जाहीरनामा बिल भरीत नाही.

चिली या देशाने २०२१ मध्ये मेंदूतील क्रिया व तीतून मिळणारी माहिती यांना राज्यघटनेत संरक्षण दिले, आणि युनेस्कोने २०२५ मध्ये मज्जातंत्रज्ञानाच्या नीतीविषयी शिफारसपत्र संमत केले. विद्वानांच्या चर्चा वाया जात नाहीत, याची ही साक्ष होय. म्हणूनच त्या चर्चेत कोण बसते याला महत्त्व आहे. रुग्णाला बोलवायचे तर एखाद्या सत्राच्या शेवटी पाच मिनिटे 'अनुभवकथन' करण्यासाठी नव्हे. तसे आजवर पुष्कळ ठिकाणी होते आणि त्यावर टाळ्याही पडतात. विषय ठरविणाऱ्या समितीत त्याला घ्यावे. कंपवाताचा रुग्ण सलग तीन तास बसू शकत नाही, तेव्हा सत्रे आखूड करावी लागतील. त्याच्याबरोबर घरचे माणूस येईल, त्याचा प्रवासखर्च द्यावा लागेल. तो मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलेल, म्हणून दुभाषी लागेल. परिषदेच्या अंदाजपत्रकात भोजन व स्मृतिचिन्हे यांना स्वतंत्र शीर्षक असते. या खर्चालाही तसेच एक शीर्षक देता येईल.