ठळक तिरपे शीर्षकाक्षर
ठळक तिरपे शीर्षकाक्षर : मथळे, जाहिराती, भित्तिपत्रके व पाट्या यांसाठी वापरले जाणारे, जाड रेघेचे, उजवीकडे कललेले व सेरिफविरहित मुद्राक्षर. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरातील रेघेच्या टोकाला असणारी बारीक आडवी फाटी. हे तिन्ही गुण मुळात एकत्र नव्हते. संपूर्ण ग्रंथ तिरप्या अक्षरांत छापण्याची सुरुवात व्हेनिसच्या आल्डुस मानुत्सिउस याने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्यांपासून केली; त्यामागे लपेटीच्या हस्ताक्षराचे अनुकरण होते, ठळकपणा नव्हे. सेरिफविरहित अक्षर चौथा विल्यम कॅझलन याच्या १८१६ च्या नमुनापुस्तकात प्रथम दिसते. जाडी, रुंदी व कल यांची सुसूत्र सांगड आद्रियां फ्रूटिगर याच्या ‘युनिव्हर्स’ (१९५७) या अक्षरकुलात घातली गेली.

नागरीत सेरिफ नाहीच. म्हणून येथे ‘सेरिफविरहित’ याचा अर्थ सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीची रेघ, एवढाच घ्यावयाचा. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला. त्यातून पुढे आलेल्या निर्णयसागर वळणात बोरूची जाड-बारीक चाल कायम होती. कलता खिळा ओतणे तर अधिकच अडचणीचे. खिळ्याचे अंग चौकोनी असल्याने अक्षराचा अंगाबाहेर आलेला भाग मोडतो. शिवाय डिग्री पद्धतीत वरची मात्रा वेगळ्या खिळ्यावर असते. अक्षराला १२ अंशांचा कल दिल्यास शिरोरेषेपासून २० मिमी. उंचीवरील मात्रेचे टोक सु. ४ मिमी. उजवीकडे सरकते, ती सरळ अक्षराच्याच जागी बसविल्यास मागे पडल्यासारखी दिसते.

संगणकाने ही अडचण दूर केली, पण दुसरी निर्माण केली. सरळ अक्षर यांत्रिक रीतीने कलविले असता ‘व’ची वाटी एका कर्णावर फुगते, तर दुसऱ्यावर दबते. म्हणून वळणे पुन्हा रेखाटावी लागतात. जाडी वाढविताना खरा धोका अक्षराच्या पोटातील मोकळ्या जागेला असतो. उदा., पुणे–सोलापूर रस्त्यावरील भांडगाव (ता. दौंड) हे नाव घ्या. ‘भ’च्या डोक्यावरील शिरोरेषेतील खंड बुजला, की वाचणाऱ्याला ‘मांडगाव’ दिसू लागते. ‘ध’ व ‘घ’ यांचीही तीच गत. जाड अक्षरात हा खंड मुद्दाम रुंद ठेवावा लागतो, अनुस्वाराचा टिंबही शिरोरेषेपासून पुरेसा वर घ्यावा लागतो.

इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’मध्ये (नागरी रेखाटन निनाद काळे) नऊ जाडींपैकी प्रत्येकीला तिरपी जोड आहे. याउलट एक टाइपच्या ‘मुक्त’मध्ये सात जाडी असूनही तिरपे रूप नाही, आणि हा संयम योग्यच म्हणावा लागेल, कारण मराठीत अवतरण, ग्रंथनाम वा भर दाखविण्यासाठी अक्षर कलविण्याची जुनी परंपरा नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या नाट्यजाहिरातींतील अक्षरांचा कल प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीनुसार हाताने ठरलेला असे. तयार मुद्राक्षरात ती सोय नसते.

वेग, जल्लोष वा तातडी सुचवावयाची असेल आणि मजकूर तीन-चार शब्दांचा असेल, तर हे अक्षर शोभते. कुस्त्यांची वा बैलगाडा शर्यतींची भित्तिपत्रके ही त्याची हक्काची जागा. परिच्छेदभर मजकुरास मात्र ते डोळ्यांना शिणविते, तर धावत्या वाहनातून वाचावयाच्या गावफलकास ते वर्ज्य समजावे.