आजोबांची बंदूक आणि परवाना

उज्जैन १९४८ पर्यंत शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं. तिथल्या काही जुन्या मराठी घरांत शिकारीची बंदूक अजून सापडते आणि 'शंभर वर्षांची आहे, तिला कसला परवाना?' असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ४५नुसार सूट मिळते ती कालबाह्य, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला. पण दुरुस्ती करूनही ते चालण्याजोगं नसेल तरच. नुसतं वय पुरत नाही.

आधी बंदूक ओळखावी. ठासणीची बंदूक (दारू-गोळी नळीच्या तोंडातून भरायची) असेल तर गज सोबत असतो. मधून मोडून काडतूस घालायची असेल, तर नळ्यांच्या बुडाशी प्रूफ मार्क (दाब-चाचणीचे ठसे) बहुधा दिसतात. ठासणीची बंदूक आत भरलेलीही असू शकते, म्हणून चाप ओढून पाहू नये. तपासणी जाणकाराकडूनच करावी.

दुसरा गैरसमज वारशाचा. वडिलांची स्कूटर मुलाकडे येते, त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स येत नाही, बंदुकीचंही तसंच. परवानाधारक गेल्यावर वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (म्हणजे कलेक्टरकडे) स्वतःच्या नावाचा परवाना मागायचा. सूट लागू होते का, हेही तिथूनच लेखी घ्यावं. परवाना मिळाला तरी त्यावर शिकार करता येत नाही; तिला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.