क्षयाचा जंतू आपली चाहूल का लागू देतो?

क्षयाने आजारी असलेल्या माणसाच्या रक्तात इंटरफेरॉनची ठळक खूण सापडते. लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण तपासून अ‍ॅन ओ'गॅरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ती दाखवली. आजार जितका पसरलेला, तितकी खूण गडद. उपचार लागू पडले की ती पुसट होत जाते. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, 1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन सापडले ते विषाणूंना अडवणारे द्रव्य म्हणून. क्षय तर जिवाणूचा रोग. मग इथे इंटरफेरॉनचे काय काम?

उत्तराचा धागा जिवाणूच्या डीएनएपाशी पोचतो. जपानमध्ये तोरु तोकुनागा यांच्या गटाने 1984 मध्ये बीसीजी या क्षयावरच्या लशीतल्या जंतूतून गाठींची वाढ रोखणारा घटक वेगळा काढला, तो डीएनए निघाला. त्याने पेशी इंटरफेरॉन बनवू लागतात, हेही पुढे दिसले. पण डीएनए तर आपल्याही प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर भरेल एवढा असतो. परका डीएनए ओळखायचा कसा?

एक ओळख रासायनिक आहे. डीएनएत सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन आले, तर आपल्याकडे त्या सायटोसिनवर बहुधा मिथिल गट चिकटलेला असतो. जिवाणूंमध्ये तो सहसा नसतो. गिळलेला जंतू ज्या पिशवीत पचतो, तिथला टीएलआर-9 हा ग्राहक हा फरक ओळखतो. शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने तो 2000 मध्ये उजेडात आणला. भारतात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोविडवरच्या कोर्बेव्हॅक्स लशीत अशाच धाटणीचा, प्रयोगशाळेत घडवलेला डीएनएचा तुकडा होता.

दुसरी ओळख मला अधिक विलक्षण वाटते, कारण तिथे अक्षरे वाचलीच जात नाहीत. आपला डीएनए केंद्रकात आणि मायटोकाँड्रियात राहतो. बाहेर पेशीद्रवात तो असायलाच नको. तिथे दुपदरी डीएनए सापडला की, तो कुणाचाही असो, सीगॅस नावाचे विकर त्याला बिलगते. डॅलसमध्ये झिजियान चेन यांच्या गटाने 2012 च्या अखेरीस ते शोधले. बिलगलेले सीगॅस एटीपी आणि जीटीपी हे पेशीतले दोन रेणू जोडून एक छोटा वलयाकार रेणू तयार करते. तो स्टिंग या प्रथिनावर जाऊन बसतो, स्टिंग पुढच्या प्रथिनांना चेतवते आणि अखेर केंद्रकातले इंटरफेरॉनचे जनुक जागे होते. सीगॅस केंद्रकातही असते, पण तिथे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांनाच ते जखडून पडते. म्हणून आपल्याच डीएनएवर ते उलटत नाही. ही शिस्त बिघडली की काय होते, हे एकार्डी-गुतिएर या बालरोगात दिसते: पेशीतला नको असलेला डीएनए साफ करणारे विकर सदोष असले की इंटरफेरॉन अखंड पाझरते आणि मेंदूला इजा होते.

आता क्षयाचा जंतू. मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी पेशी त्याला गिळून पिशवीत कोंडते. जंतूजवळ ईएसएक्स-1 ही प्रथिने बाहेर टाकणारी यंत्रणा असते. तिच्या जोरावर तो पिशवीला भोक पाडतो. डीएनए पेशीद्रवात उतरतो आणि सीगॅसच्या हाती लागतो. 2015 मध्ये तीन स्वतंत्र गटांनी हे सिद्ध केले. इतका कावेबाज जंतू स्वतःची चाहूल का लागू देतो? कारण या इंटरफेरॉनचा काही अंशी त्यालाच फायदा होतो. क्षयाशी खरी झुंज देणारी इंटरल्यूकिन-1 आणि निराळ्या जातीचे गॅमा इंटरफेरॉन ही अस्त्रे त्यामुळे बोथट होतात. पण व्यवहार एकतर्फी नाही. त्याच सीगॅसमुळे पेशी जंतूला पुन्हा वेढून पचवण्याच्या कामालाही लागते. पारडे कुठे झुकेल, हे जंतूच्या वाणावर आणि संसर्गाच्या टप्प्यावर ठरत असावे.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि जन्मल्याबरोबर आपल्या बाळांना टोचली जाते ती बीसीजी. या लशीतल्या जंतूने ईएसएक्स-1चा मोठा भाग गमावलेला आहे. तो पिशवी फोडत नाही, म्हणून सीगॅसला फारसा जागवतही नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी मासळीला क्षय करणाऱ्या एका जंतूची ईएसएक्स-1 यंत्रणा बीसीजीत बसवली. ही सुधारित लस उंदरांमध्ये नेहमीच्या बीसीजीपेक्षा सरस ठरल्याचे त्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केले.